हाडं बघून कसं ओळखायचं, हा प्राणी दोन पायांवर चालायचा का?

म्युझियममध्ये किंवा फोटोत आदिमानवाचा सांगाडा दिसला की सगळे आधी कवटीचा आकार बघतात, मेंदू केवढा होता वगैरे, पण चालण्याचं विचाराल तर त्याने काही कळत नाही. कवटी उलटी करून बघायची. पाठीचा कणा जिथे जोडला जातो ते भोक चिंपांझीत मागच्या बाजूला असतं, आपल्यात बरंच पुढे, जवळजवळ मधोमध, कारण डोकं मानेवर सरळ तोलायचं असतं.

मग मांडीचं हाड, माझ्या मते हाच सगळ्यात भारी पुरावा. गुडघ्याकडचं टोक सपाट टेबलावर टेकवून उभं धरलं (खरं हाड नको हं, प्लास्टिकचं मॉडेल घ्या!) की माणसाचं हाड तिरपं उभं राहतं, चिंपांझीचं जवळपास सरळ. या तिरकेपणामुळे गुडघे शरीराच्या मध्याखाली येतात आणि एक पाय उचलला तरी आपण डुलत नाही. इथिओपियात हदार इथे 1974 मध्ये सापडलेली ल्युसी (आदिमानव मादीचा सांगाडा), साधारण 32 लाख वर्षं जुनी, तिचा गुडघा असाच आहे, मेंदू मात्र चिंपांझीएवढाच. म्हणजे चालणं आधी, डोकं नंतर!

कंबरेचं हाड बुटकं, रुंद, वाडग्यासारखं आहे का तेही बघून घ्या, तसं असेल तर तो दोन पायांवर चालणारा.

पाऊल शेवटी. अंगठा बाकी बोटांच्या रांगेत असेल तर चालणारा, बाजूला फाकलेला असेल तर फांद्या पकडणारा, पण इथे घाई नको, 44 लाख वर्षांपूर्वीच्या आर्डीचा (हाही एका आदिमानव मादीचा सांगाडा) अंगठा फाकलेलाच होता तरी ती जमिनीवर दोन पायांवर चालायची असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे.