जार सांडतो तो धार बारीक झाल्यावर

चवथीच्या आदल्या रात्री साडेदहाला मी वीस लिटरचा जार आरओच्या, म्हणजे पाणी गाळायच्या मशीनच्या, नळाखाली लावला. पाहुणे यायचे होते. अकराला वीज गेली, धार थांबली आणि मी नळ तसाच ठेवून झोपले. दोनच्या सुमारास पंखा सुरू झाल्याचं झोपेत कळलं, पण पंख्याबरोबर मशीनही सुरू झालं असेल हे कुठे सुचायला! पाचला सासूबाई उठल्या तर स्वयंपाकघरात तीसेक लिटर पाणी. नेवऱ्यांसाठी आणलेली मैद्याची पिशवी ओट्याखाली होती, तिची खळ झालेली.

“विहिरीवर बरं होतं गो,” सासूबाई म्हणाल्या. “कळशी भरेपर्यंत आपण तिथंच असायचो.”

खरं आहे. जोराच्या धारेपाशी माणूस उभा राहतो, बारीक धार लागली की भाजी चिरायला जातो.

आमच्या मशीनची टाकी ८ लिटरची. टाकी भरलेली असताना लिटरची बाटली चाळीसेक सेकंदांत भरते. पातळी उतरते तसा दाब कमी होतो आणि तीच बाटली दीड मिनिट घेते. टाकी रिकामी झाली की मशीन जेवढं गाळील तेवढंच नळातून येतं : तासाला १२ लिटर, म्हणजे लिटरला ५ मिनिटं. वीस लिटरचा जार त्यामुळे तासभर खातो : टाकीतले ८ आणि तासाभरात गाळलेले १२. टाकीतला फ्लोट मशीन बंद करतो तो टाकी भरल्यावर. नळ उघडा असेल तर टाकी भरतच नाही, मशीन रात्रभर चालतं.

आता मी असं करते. टाकी पूर्ण भरू देते, मग मशीनचं बटण बंद करते. आमच्या मशीनला आत येणारं पाणी वीज गेली की अडतं. तुमचं अडत नसेल तर मागचा कॉकही फिरवा. आता नळातून फार तर ८ लिटर येणार. खाली १० लिटरचं रिकामं स्टीलचं पिंप ठेवलं की मी खुशाल नारळ खवायला बसते, सांडायला पाणीच नाही! पिंप रिकामंच हवं. तळाला कालचं तीन लिटर असेल तर सगळा हिशेब बुडाला. जार भरायचाच तर असे दोन हप्ते, आणि शेवटचे चार लिटर समोर उभं राहून.

बाटल्यांसाठी नळाची कळ खाली दाबून धरा. हात काढला की बंद होते. वर उचललेली कळ तशीच राहते आणि घात करते. बाटली बेसिनमध्येच ठेवा, ओट्यावर नको. आणि कान द्या : बाटली भरत आली की आतली हवेची जागा आखडते, आवाज बारीक, चढा होत जातो. गळ्याशी आल्यावर तर पाणी एकदम वर धावतं, कारण पोट रुंद आणि गळा अरुंद. मी आवाज चढला की हात सैल करते, वरची दोन बोटं रिकामी सोडते.

मोबाइलवर गजर लावणारे असाल तर आपल्या मशीनचं माप स्वतः घ्या, आणि पावसाळ्यात परत घ्या. ओपाहून, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाणी प्रकल्पाहून, येणारं पाणी गढूळलं की आमचा बाहेरचा फिल्टर तुंबतो, गाळणं मंदावतं आणि जूनमधला गजर ऑगस्टमध्ये फार लवकर वाजतो. मग आपण “अजून वेळ आहे” म्हणून परत उठून जातो, तिथंच फसतो.

पाणी लागताच वाजणारा दोन तारांचा बझर भाच्याने बसवून दिला होता. वरच्या टाकीवर छान वाजतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही, त्यामुळे इथे कधी वाजे, कधी गप्प. काढून टाकला.

काम झाल्यावर बटण परत चालू करायचं मात्र मी अजूनही विसरते. मग सकाळी चहाला पाणी नाही, आणि सासूबाई कळशीकडे बघतात.