सेफ्टी शिकताना या चुका टाळा

नवा माणूस कामावर रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात हेल्मेट, बूट, गॉगल आणि हँडग्लोव्हज पडतात. अर्धा-पाऊण तास माहिती दिली जाते, रजिस्टरवर सही होते आणि तो कामाला लागतो. महिन्याभराने त्याला विचारा, सेफ्टी म्हणजे काय? तो हेल्मेटला हात लावून दाखवतो. मी बरीच वर्षं नव्या लोकांना हा विषय शिकवतोय आणि बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच सापडतं. अंगावर काय घालायचं ते सगळे शिकतात, पण समोरचा धोका बघायला कुणी शिकवत नाही.

सुरुवात पीपीईपासून करणे

पीपीई, म्हणजे हेल्मेट-गॉगलसारखी अंगावर घालायची संरक्षक साधनं, हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात, आणि तेही याच क्रमाने. हा धोका मुळातच काढून टाकता येईल का? नाही, तर त्याऐवजी कमी धोक्याचं काही वापरता येईल का? तेही जमत नसेल, तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काही आडवं घालता येईल का, म्हणजे गार्ड, आवरण, धूळ खेचणारा एक्झॉस्ट? मग कामाची पद्धत, पाळ्या, प्रशिक्षण आणि पाट्या. एवढं झाल्यावरही जो धोका उरतो, त्याच्यासाठी पीपीई.

दगड किंवा काँक्रीट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसं कायमची निकामी करते. तिथे मास्क वाटून मोकळं होणं सोपं असतं. पण कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडली तर बरीचशी धूळ उडायच्या आधीच खाली बसते. एखाद्याने मास्क तोंडावरून खाली ओढला तरी पाणी आपलं काम करतच राहतं. मास्क लागतोच, पण पाण्यानंतर.

घातलंय, पण बसलेलं नाही

फोमचे इअरप्लग कानात नुसते कोंबले तर आवाज फारसा अडत नाही. प्लग स्वच्छ बोटांनी वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत 20 ते 30 सेकंद बोटाने धरून ठेवायचा. आता दोन्ही तळवे कानांवर दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढा आणि पुन्हा घाला.

आवाज किती चालतो? आठ तासांसाठी 85 डेसिबल ही सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून 88 डेसिबलला तो वेळ चार तासांवर येतो आणि 91 ला दोन तासांवर. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर मीटर येण्याची वाट न बघता प्लग घाला.

साध्या धुळीच्या मास्कमधून थिनरची वाफ सरळ आत जाते, तिथे योग्य कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ अडवणारी फिल्टरची डबी लावलेला, रेस्पिरेटर लागतो. चेहऱ्याला चिकटून बसणारा रेस्पिरेटर दाढीवर बसत नाही, बाजूने हवा आत येतेच. आणि हँडग्लोव्हज सगळीकडे चांगलेच, हा समजही डोक्यातून काढा. फिरत्या ड्रिलमध्ये ग्लोव्हचं टोक अडकलं की हात सोडवायला वेळच मिळत नाही. तिथे हात मोकळे ठेवायचे आणि जॉब, म्हणजे ज्याला भोक पाडायचं ती वस्तू, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडायचा.

"बंद केलंय" एवढ्यावर विश्वास

मी मेंटेनन्सला असताना एकदा कंप्रेसरचा व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या पाइपचा नट सोडवायला घेतला होता. व्हॉल्व्ह बंद होता, पण पाइपमध्ये हवा कोंडलेली होती. नट सैल होताच पाइप उसळून माझ्या कानाजवळून गेला. त्यानंतर "बंद" या शब्दावर मी कधी काम केलं नाही.

मेन स्विच बंद केल्यावर त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि टॅगवर आपलं नाव लिहायचं. चौघे काम करणार असतील तर चार कुलपं. एवढं लोक शिकतात. राहून जातं ते यापुढचं. पाइपमधला दाब, हायड्रॉलिकचं तेल, ताणलेली स्प्रिंग, वर उचललेला भाग, कपॅसिटरमधला चार्ज, साठलेली वाफ, हे सगळं स्विच बंद केल्यावरही आत बसलेलं असतं. ते सोडायचं, आधार द्यायचा, रिकामं करायचं. मग मशीनजवळ कुणी नाही याची खात्री करून स्टार्टचं बटण दाबून बघायचं. मशीन हललं नाही तरच पुढे जायचं, आणि बटण परत ऑफवर आणायला विसरायचं नाही. विजेच्या कामात टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग कामाच्या जागी लावा, मग परत चालू लाइनवर. मधेच टेस्टर बिघडला असेल तर तो "करंट नाही" असंच सांगेल.

शिफ्ट बदलताना तोंडी निरोप देणं ही यातलीच चूक. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि ती जागा तात्पुरती झाकलेली होती. ही माहिती रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. वायू गळला, स्फोट झाला आणि 167 माणसं गेली. परमिट, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी, भरलेलं होतं, पण ज्यांना ते बघायला हवं होतं त्यांच्या हातात ते नव्हतं. म्हणून परमिटची देवाणघेवाण शक्यतो मशीनपाशी उभं राहून, बोट दाखवून करा.

पडलेल्याला वाचवायला उडी मारणे

ही चूक चांगल्या मनाची माणसं करतात, म्हणून तिच्याबद्दल बोलताना मला फार वाईट वाटतं. टाकीत किंवा मॅनहोलमध्ये एकजण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. ज्या हवेने पहिला पडला, तीच हवा पुढच्यांना मिळते.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की ती जागा आत जाण्यालायक नाही असं धरतात. नाकावर भरवसा ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही. उतरण्याआधी बाहेरूनच गॅस डिटेक्टरने वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासायची, कारण काही वायू वर तरंगतात आणि काही खाली साचतात. आत जाणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, दोरी बाहेर ट्रायपॉडला, आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस पूर्ण वेळ उभा. आतला पडला तर बाहेरून ओढायचं आणि मदत बोलवायची. श्वासाच्या उपकरणाशिवाय खाली कुणीही उतरायचं नाही, तो सख्खा भाऊ असला तरी.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

भिंतीला टेकवलेली शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, या मापाने उभी करा. केमिकल पाण्याच्या बाटलीत ओतू नका, कुणीतरी ते पिईल. ब्लीच आणि ॲसिड क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. डोळ्यात केमिकल गेलं तर डॉक्टरकडे पळण्याआधी किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नका.

नियर मिस लिहिणे, पण "लक्ष देऊन काम करावे" म्हणून

नियर मिस म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. वरून पाना पडला, कुणाला लागला नाही. कागदावर काय येतं? "कामगाराने काळजी घ्यावी." यातून काहीच हाती लागत नाही. पाना कुठून पडला, किती उंचीवरून, खाली रस्ता होता का, पान्याला दोरी का नव्हती, कठड्याला खालची पट्टी होती का, हे लिहा. आणि दोनच दिवसांत लिहिणाऱ्याला जाऊन सांगा की पट्टी बसवली, किंवा अजून का बसली नाही. उत्तर मिळालं नाही तर तो माणूस पुढच्या वेळी पाना उचलून गुपचूप खिशात घालतो.