किरायाच्या घरातली ओल, कूलर आणि नाली : या चुका टाळा

मे महिन्यात खोली पाहायची, जूनमध्ये सामान आणायचं आणि ऑगस्टमध्ये मला विचारायचं, "सर, भिंत काळी पडली, आता काय करू?" यवतमाळकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात दरवर्षी हेच. बारा वर्षं मी किरायाने राहिलो, आता माझ्याच दोन खोल्या किरायाने देतो. दोन्हीकडच्या लबाड्या माहीत आहेत.

रंग पाहून घर घेणं. विदर्भातल्या उन्हाळ्यात कोणतीही भिंत कोरडीच दिसते. मीही ताजा आकाशी रंग पाहून भुललो होतो. पोळ्यापर्यंत कमरेएवढी ओल चढली, पोपडे सुटले, गादीला वास सुटला, पोरीचा खोकला हटेना. मालकांना म्हटलं, "काकाजी, भिंत ओली होते." ते म्हणाले, "घरात कपडे वायवता, मंग ओल येनारच ना!" थोडं खरं होतं, म्हणून गप्प बसलो आणि पदरचे पैसे घालून वॉटरप्रूफ रंग मारला. दोन महिन्यांत तोही फुगला आणि ओल हातभर आणखी वर गेली. पाणी आत कोंडलं की वरची वाट धरतं.

शेवटी एका गवंड्याने मला घरामागे नेलं. नालीच नव्हती, न्हाणीचं पाणी जोत्याशीच मुरत होतं. आपली काळी माती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीला भेगा पाडते. माती उतरवून, उतार काढून नाली केली, तेव्हा पुढचा पावसाळा कोरडा गेला. खर्च माझाच. घर सोडताना मात्र "भिंत खराब केली" म्हणून डिपॉझिट कापलं, कारण माझी प्रत्येक तक्रार तोंडी होती आणि फोटो एकही नव्हता.

आता मी घर पाहताना आधी मागच्या बाजूला जातो, मग कपाटामागची खालची दोन फूट भिंत नाण्याने ठोकतो. पोकळ वाजली की चहा पिऊन परत. श्रावणात पाणी कुठे साचतं ते शेजारच्या मावशींना विचारायचं. मालक सांगणार नाही.

रागाने किराया थांबवणं. हा शॉर्टकट अंगलट येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर स्वतः करून खर्च किरायातून वळता करता येतो, पण वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. हा कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही. तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो, आणि त्यात मालकाला बांधील असलेल्याच दुरुस्त्यांचा खर्च वळता होतो. म्हणून छत, नाली, संडास कोणाकडे ते करारातच लिहून घ्या. अकरा महिन्यांचा छापील करार न वाचता सही करणाऱ्यांची मला दया येत नाही.

कूलर विसरणं. हा दोष किरायदाराचा. कूलर जूनमध्ये बंद होतो, पण टाकीतलं पाणी गणपतीपर्यंत तसंच. डेंग्यूचा डास साध्या साचल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी टाकीच्या काठाला चिकटून कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. मी दर रविवारी काथ्याने काठ घासतो, किरायदारांनाही घासायला लावतो. ते कुरकुरतात. छतावरच्या टाकीचं झाकण मात्र मालकानेच द्यायचं.

मालकांनो, भांडण झालं म्हणून नळ किंवा वीज तोडू नका, भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथे तो गुन्हा आहे. छपरावरचे कवेलू मृगाच्या आधी फिरवा. शोषखड्डा विहिरीला खेटून खणू नका.

आणि नाली तुंबली की लगेच मालकाला फोन लावण्याआधी झाकण उघडून पाहा. गेल्या वर्षी "तुमची नाली खराब आहे" म्हणून माझ्याशी आठ दिवस भांडण चाललं होतं. आतून अख्खं लुगडं निघालं.