होयाच्या वाळक्या दांड्या कापू नका! (आणि बाकीच्या चुका)

नर्सरीतून होया, म्हणजे मेणासारख्या फुलांचे गुच्छ येणारी वेल, आणली की तिसऱ्या महिन्यात प्रश्न ठरलेला, "फुलं कधी?" फांदीपासून केलेल्या रोपाला फुलायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. एवढा धीर नसेल तर शेवंती घ्या, फुललेलीच मिळते.

माझा खरा राग कात्रीवर. होया कार्नोसा या जातीचा फुलांचा गुच्छ गळला की मागे एक बुटकी, तपकिरी दांडी उरते, विझलेल्या काडीसारखी. ती मेलेली नसते. पुढच्या बहरात कळ्या तिच्याच टोकाला धरतात आणि दर बहराला ती किंचित लांबते. माझ्या सात वर्षांच्या वेलीवर अशा अकरा दांड्या होत्या. आम्ही गावी गेलो तेव्हा पाण्याचं जाऊबाईंवर सोपवलं. परत येऊन बघते तर वेल पार्लरमधून आल्यासारखी! "वाळकं सगळं काढून टाकलं गं, बघ कशी मोकळी झाली." बिनपानांचे लांब शेंडेही छाटले होते. ते आधार चाचपडत पुढे जातात, पानं त्यांना नंतर फुटतात. कापल्या जागी पांढरा चीक वाळून बसला होता. मी मुकाट्याने चहा टाकला. पुढचे दोन उन्हाळे एकही गुच्छ नाही. आता गावी जाताना प्रत्येक दांडीला लाल लोकर बांधून जाते.

दुसरी चूक पाण्याची. होया मुळात झाडाच्या खोडावर वाढणारी. आपल्या सह्याद्रीतली होया वायटीसुद्धा झाडांवरच लोंबते. तिच्या मुळांना हवा लागते. आणि लोक काय करतात? दहा इंची कुंडी, त्यात दाबून लाल माती. माती सुकत नाही, मुळं काळी पडतात, पानं पिवळी होतात, मग "पाणी कमी पडलं वाटतं" म्हणून आणखी एक तांब्या. माझी वेल अजून पाच इंची कुंडीत आहे: निम्मे नारळाच्या सोडणाचे तुकडे, बाकी परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), मूठभर गांडूळखत. पाण्याचा वार ठरलेला नाही. जुनं पान हलकेच वाकवून बघते. सादळलेल्या पापडासारखं वाकलं तर पाणी, ताठ असेल तर नाही. पान मऊ आणि कुंडीही ओली, असं असेल तर मुळं सडलीत. चांगल्या फांद्या कापून नव्याने लावा.

इनडोअर म्हणजे टीव्हीमागचा कोपरा नव्हे. पूर्वेची खिडकी द्या.

कळ्या दिसल्या की फोटोसाठी कुंडी हलवू नका, गळतात.

फेब्रुवारीत मिळणारं बदामाच्या आकाराचं एकच पान, म्हणजे होया केरी: त्याला खोडाचं पेर नसेल तर ते वर्षानुवर्षं पानच राहतं. वेल होणार नाही.

खत म्हणून केळीच्या सालीचं पाणी? चिलटं हवी असतील तर घाला.

आणि फरशीवर चिकट थेंब पडले की लगेच फवारणी नको. वेल फुलली असेल तर तो फुलांचा मध आहे, पुसून टाका. फुलं नसताना थेंब पडले, मुंग्या लागल्या, तर मात्र पानाच्या बेचक्यात बघा. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण. मी कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपते आणि चार दिवसांनी पुन्हा बघते.