वेस्टनच्या वाळूवर दोन दिवस: आधी भरतीचा तक्ता, मग हवामान

‘शनिवारी पंचवीस डिग्री दाखवतंय, बीचवर जाऊ या’ हा इंग्लंडातला सगळ्यात निकामी सल्ला आहे. निदान वेस्टन-सुपर-मेअरपुरता तरी. सॉमरसेटमधल्या या गावाला ऊन बघून जाणारी माणसं दुपारी एक वाजता किनाऱ्यावर उभी राहतात आणि विचारतात, समुद्र कुठे आहे? तो मैलभर आत गेलेला असतो आणि मधे चिखल पसरलेला असतो. भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर ‘याच्यापेक्षा आमचं दापोली बरं’ हे ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यांचं चुकत नाही.

म्हणून तारीख ठरवताना पहिला मान भरतीला, दुसरा हवामानाला.

तारीख ठरवणे (यातच सगळं आहे)

वेस्टनसमोरचा समुद्र, म्हणजे ब्रिस्टल चॅनेल, नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, त्यामुळे आत शिरणारं पाणी उंच चढतं. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती जाणार असली की वर्तमानपत्रं इशारे छापतात. वेस्टनला उधाणाच्या भरतीचा आकडा १२ मीटरच्या आसपास असतो. एवढं पाणी सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं, तेही जवळजवळ सपाट किनाऱ्यावर.

कोकणातला जुना हिशेब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब इथे लावू नका. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते आणि वेस्टनची तर कोकणाच्या पार उलटी. पौर्णिमा-अमावास्येला इथे भरती सकाळी आठच्या आणि संध्याकाळी आठच्या सुमारास येते, म्हणजे ऐन दुपारी कडकडीत ओहोटी. अष्टमीच्या आसपास भरती दुपारी एक-दोनला येते, पण ती भांगाची, पाणी फार वर चढत नाही. मला हे गणित सुटायला बराच वेळ लागला, कारण सगळे ‘भरतीला जा’ एवढंच सांगतात. कुठल्या भरतीला, ते कोणी सांगत नाही.

माझं मत ठाम आहे: चतुर्थी किंवा पंचमी, पक्ष कोणताही. भरती सकाळी साडेदहा-अकराच्या आगेमागे येते, उधाण पुरतं ओसरलेलं नसतं, पाणी पिवळ्या वाळूला लागतं आणि पोरांना जेवणाआधी मनसोक्त डुंबता येतं. फ्रिजवरच्या कालनिर्णयात बघून दोन-तीन शनिवार-रविवार हेरून ठेवा. (संकष्टी पाळत असाल तर पंचमी धरा, नाहीतर चंद्रोदयापर्यंत फिश अँड चिप्सचा वास सोसावा लागेल.)

तिथी फक्त अंदाजाला. पक्की वेळ तक्त्यातूनच घ्या आणि त्यात दोन गोष्टी तपासा. एक, तक्ता जीएमटीत (ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत) आहे की उन्हाळी वेळेत. छापील तक्ते बहुधा जीएमटीत असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवावा लागतो. हा तास विसरलेली कुटुंबं भरतीच्या तासभर आधीच पोचतात आणि पाणी पुरतं वर यायच्या आत निघतात. दोन, वेळेशेजारचा उंचीचा आकडा. दोन दिवसांपैकी ज्याचा आकडा मोठा, त्या दिवशी पाणी वाळूवर जास्त वर येणार.

चिखल

ओहोटीत पाण्यापर्यंत चालत जायचं नाही. ‘थोडंच पुढे’ पण नाही. वरची वाळू घट्ट असते, मग वाळूतल्या किड्यांच्या वळ्यावळ्यांच्या शेवया दिसू लागतात, मग पायाखाली चकचकीत राखाडी पापुद्रा येतो. तो पापुद्रा दिसला की मागे वळा. त्याच्या पुढे घोटा जातो, मग पोटरी, आणि पाय उपसायला गेलं की दुसरा पाय आणखी खाली. किनाऱ्यावर इशाऱ्याचे फलक आहेत, त्यांच्याकडे पाठ करून लोक फोटो काढतात.

पाणी परत येताना सगळा वेळ सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी येतं. बारा मीटरचा आकडा आणि सपाट जमीन डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे अडकलेल्या माणसाकडे किती वेळ असतो ते कळेल. कोणी रुतलंच तर त्याने धडपड थांबवावी, मागे रेलून किंवा बसून वजन पसरावं, पिशवी टाकून द्यावी. तुम्ही ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा. हात द्यायला धावू नका. मग दोघांना काढावं लागेल.

दक्षिणेला ब्रीनच्या किनाऱ्यावर गाड्या थेट वाळूत लावता येतात. तिथेही हाच तक्ता लागू. परतायला उशीर झाला की गाडीला समुद्र लागतो.

बाकीचं

रेल्वे सोपी: ब्रिस्टल टेंपल मीड्सहून अर्ध्या तासाच्या आसपास, स्टेशनवरून किनारा चालत.

विंडब्रेक, म्हणजे वारा अडवणारा काठ्यांवरचा कापडी पडदा, घ्याच. वारा बहुतेक समुद्राकडून, पश्चिमेचा. काठ्या खोल ठोका, कापडाची कमान करा, फुगीर बाजू वाऱ्याकडे. सरळ भिंत उभी केलीत तर दुपारपर्यंत शेजाऱ्याच्या डब्यात पडेल.

पाणी ऑगस्टमध्येही १७-१८ अंशांच्या वर सहसा जात नाही. मुलांना अर्ध्या बाह्यांचा वेटसूट घाला आणि पाण्यात हळूहळू उतरवा. लाइफगार्ड असतील तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊल नको. किनाऱ्यावर पाण्याच्या प्रतीचा फलक असतो. त्यावर ‘पुअर’ (खराब) लिहिलं असेल किंवा आदल्या दिवशी धो-धो पाऊस झाला असेल तर पाय भिजवण्यावर समाधान माना. ओहोटीत पाणी हवंच असेल तर मरीन लेक आहे. तिथे बांध घालून समुद्राचं पाणी अडवलेलं असतं.

दुपारी पाणी मागे गेलं की गाढवांची फेरी. ती मुलांसाठीच, वजनाची मर्यादा ८ स्टोन, म्हणजे साधारण ५० किलो, तेव्हा काकांनी फोटोवर भागवावं. ग्रँड पिअर, म्हणजे समुद्रात घुसलेला खांबांवरचा करमणुकीचा धक्का, १९०४ सालचा; २००८च्या आगीत वरचा मंडप जळाला, २०१०मध्ये नवा उभा राहिला. पावसाची सर आली तर तिथे दोन तास सहज जातात.

चिप्स खाताना पाठ भिंतीला लावा. सीगल मागून येतो आणि हातातला घास नेतो. बटाटावडा असला तरी त्याला चालतो.

दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास उशिरा येईल. हॉटेलातला नाश्ता सावकाश करा, खोली सोडा, सामान काउंटरवर ठेवा आणि मग वाळूवर जा.