गोंधळाचे पद मिक्स करून दुसऱ्यांच्या कानी घालण्यापूर्वी

नाईकाचा म्हणजे मुख्य गायकाचा आवाज, संबळ, तुणतुणे, झांज आणि मागे झील धरणारे, म्हणजे सुरात साथ गाणारे दोघे, एवढ्या ऐवजावर उभ्या असलेल्या गोंधळाच्या पदाचे मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचे जुळवून केलेले एकत्रीकरण, पुरे झाले की ते लगेच कुणालातरी ऐकवून ‘कसे वाटते?’ असे विचारावेसे वाटते. या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘छान झाले आहे’ एवढेच उत्तर येते आणि त्यावरून पुढे काय करायचे ते कळत नाही. म्हणून अभिप्राय मागण्याआधी काही गोष्टी स्वतः पाहून, ऐकून आणि लिहून ठेवणे आवश्यक आहे. मी ज्या क्रमाने ही तयारी करतो, त्याच क्रमाने ती येथे मांडतो.

सर्वांत आधी या पदाकडून आपल्याला काय हवे आहे, ते दोन-तीन वाक्यांत कागदावर उतरवावे. उदाहरणार्थ, ‘हे देवीच्या आवाहनाचे पद आहे. नाईकाचे शब्द पहिल्याच ऐकण्यात कळले पाहिजेत, तुणतुणे शेवटपर्यंत जाणवत राहिले पाहिजे आणि ऐकणाऱ्याला आपण अंगणात मांडलेल्या चौकासमोर बसलो आहोत असे वाटले पाहिजे.’ हे लिहिले नाही तर काय होते, ते मी अनुभवले आहे. असेच एक पद मी चित्रपटगीतांचे काम करणाऱ्या एका जाणत्या ध्वनितंत्रज्ञाकडे कोणतीही टीप न जोडता पाठवले होते. त्यांनी ते मनापासून ऐकले आणि तुणतुण्याची तार खरखरते, लय पुढे पुढे चढत जाते, मध्येच काहीतरी खुळखुळते, असे दोष वेळेसह लिहून पाठवले. त्यांच्या कामाच्या मापाने त्या सूचना योग्यच होत्या. चूक माझी होती, कारण मी माप सांगितलेच नव्हते. मी सगळे दुरुस्त केले आणि ते पद नाईकांच्या घरी जाऊन त्यांच्याच मोबाइलवर ऐकवले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते शांत बसून होते; मग त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला, तार छेडल्यासारखे बोट हवेत हलवले आणि ‘याचं तुणतुणं कुठं गेलं?’ असे विचारले. जी खरखर मी खरवडून काढली होती, तिच्याच ठोक्यावर झीलकरी लय धरत होते.

तेव्हापासून मिक्ससोबत जाणाऱ्या टिपणात मी पदाची ओळख आवर्जून देतो. हे पद क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर गायलेले नाही आणि शेवटाकडे लय चढणे हे गोंधळाच्या सादरीकरणाचेच अंग आहे. तुणतुण्याचा स्वर गुळगुळीत नसतो, त्याला धार असते. खुळखुळ ऐकू येते ती नाईकाच्या गळ्यातील कवड्यांच्या माळेची आहे. कवड्यांचा आवाज ठेवावा की काढावा, हा खरा प्रश्न आहे आणि तो तसाच विचारावा. माझा कल दोन कडव्यांच्या मधला आवाज ठेवण्याकडे आणि शब्दांवर येणारा कमी करण्याकडे आहे. टिपणात संपूर्ण पदाचे शब्द, कोणता मायक्रोफोन कुठे ठेवला होता याची एक-दोन ओळींत माहिती आणि ध्वनिमुद्रण अंगणात झाले की खोलीत, हेही असावे.

त्यानंतर, मिक्सने सुटणार नाहीत असे मुद्रणातले दोष आधी स्वतःच शोधून काढावेत, कारण त्यांवर दुसऱ्याचा वेळ घालवणे योग्य नाही. संबळ कमरेला बांधून उभ्याने वाजवतात आणि वादक नाईकाच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे नाईकाच्या मायक्रोफोनमध्ये संबळ येणारच. ध्वनीला एक मीटर अंतर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. एकच ठोका संबळाच्या मायक्रोफोनमध्ये आधी आणि नाईकाच्या मायक्रोफोनमध्ये किंचित उशिरा पोहोचला, की दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवताना संबळाच्या दोन भांड्यांपैकी मोठ्याचा खर्ज पोकळ होतो. प्रत्येक ट्रॅकची ध्रुवता (पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहावी आणि ज्या स्थितीत खर्ज भरीव लागतो ती ठेवावी. तेवढ्याने भागले नाही तर संबळाचा ट्रॅक काही मिलिसेकंद पुढे-मागे सरकवून ऐकावे. तुणतुण्याचा षड्ज पहिल्या आणि शेवटच्या कडव्यात ट्यूनरवर तपासावा. दमट हवेत चामडे सैल पडते आणि संबळाचा आवाज उतरतो; पावसाळ्यातले मुद्रण असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा संबळ एकापाठोपाठ एक लावून फरक ऐकावा. फरक मोठा असेल तर इक्वलायझरने स्वरांचे पट्टे कमी-जास्त करत बसण्यापेक्षा ते कडवे पुन्हा मुद्रित करणे मला अधिक रास्त वाटते.

यानंतर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. सकाळी कान ताजे असताना पद अगदी हळू आवाजात ऐकावे, इतके हळू की खोलीत कुणी बोलले तर ते स्पष्ट कळावे. कमी आवाजात कानाला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात आणि मधला पट्टा उरतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. त्या मधल्या पट्ट्यात नाईकाचा आवाज, तुणतुणे आणि संबळाचे लहान भांडे एकमेकांना जागा देतात की नाही, ते हळू आवाजातच नीट समजते. मग मिक्स मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐकावे. दोन मायक्रोफोनवर घेतलेली झांज मोनोमध्ये एकदम मागे गेली, तर तिथेही ध्रुवतेचा किंवा अंतराचा घोटाळा आहे असे समजावे. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावे, कारण हे पद बहुतेकांच्या कानांवर तिथूनच पडणार आहे. त्या एवढ्याशा स्पीकरमधून संबळाचा खोल खर्ज बाहेरच येत नाही. तिथेही ठेका कळायचा असेल तर चामड्यावर काठी पडतानाचा वरचा आवाज मिक्समध्ये शाबूत असला पाहिजे.

शब्दांची परीक्षा मी वेगळी घेतो आणि तिला सर्वांत जास्त वेळ देतो. हे पद कधीही न ऐकलेल्या एका व्यक्तीला समोर बसवावे, एकदाच ऐकवावे आणि ऐकू आलेले शब्द लिहायला सांगावेत. जे शब्द चुकतात किंवा गाळले जातात, ती मिक्समधली दुखरी जागा असते. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्या नाईकाचा लांबवलेला ‘आ’ सगळ्यांवर मात करतो, पण ओळीच्या शेवटचा शब्द श्वास संपत आल्यामुळे आत ओढला जातो आणि नेमका तिथेच झीलकऱ्यांचा सूर येऊन मिळतो. अशा वेळी संपूर्ण आवाज वाढवला तर ‘आ’ आणखी अंगावर येतो. त्याऐवजी मोठा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचण्याआधीच ओळींचे शेवट हाताने एक-दोन डेसिबल उचलावेत आणि झीलकऱ्यांचा प्रवेश तेवढ्यापुरता किंचित खाली घ्यावा. झांज शब्दांवर पडत असेल तर आधी झांजच कमी करून पाहावी, कारण ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार आणि झांजेची किणकिण एकाच वरच्या पट्ट्यात भेटतात. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या हवेचा धक्का मायक्रोफोनवर बसला असेल, तर तेवढ्याच जागी खालचे स्वर छाटावेत. हे सगळे करूनही तीन-चार शब्द कळत नसतील, तर तेच शब्द वेळेसह टिपणात लिहून जाणकाराला विचारावेत.

तुलनेसाठी दोन ध्वनिमुद्रणे जवळ ठेवावीत: एक प्रत्यक्ष गोंधळाचे, आणि एक स्टुडिओत स्वच्छ मुद्रित केलेले, कमी वाद्यांचे. ती लावताना आवाजाची पातळी आपल्या मिक्सएवढी खाली आणावी, कारण जे मोठे वाजते ते कानाला चांगलेच वाटते, मग फरक एका डेसिबलचा का असेना. त्याच कारणाने अभिप्रायासाठी पाठवायच्या प्रतीवर मोठेपणा वाढवणारा लिमिटर लावू नये. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आसपास आणून वाजवते, तेव्हा पद ठासून भरल्याने पदरात काही पडत नाही, उलट संबळाच्या ठोक्याची ठिणगी मात्र विझते.

जाणकारांसाठी २४ बिटची वेव्ह फाइल आणि इतरांसाठी ३२० केबीपीएसची एमपीथ्री पुरेशी आहे. फाइलच्या नावात पदाचे नाव, तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक असावा. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकून बारीक निर्णय देऊ नयेत, एवढी विनंती टिपणात करावी.

फाइल पाठवण्याआधी नाईक, झीलकरी आणि वादक यांची परवानगी घ्यावी. अपुरे मिक्स कोणाकोणाकडे जाणार आहे आणि ते पुढे पाठवले जाणार नाही याची काळजी कशी घेतली आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावे. ज्यांच्या घराण्यात हे पद पिढ्यानपिढ्या गायले गेले, त्यांच्या नकळत त्याची अपुरी प्रत हातोहात फिरणे मला अजिबात मान्य नाही. प्रत्येक कलाकाराचे नाव त्याला हवे तसे लिहून घेण्याचे कामही त्याच भेटीत उरकावे.

अभिप्राय तिघांकडून घ्यावा आणि तिघांकडून तो वेगवेगळ्या पद्धतीने घ्यावा. ध्वनितंत्रज्ञाला वेळेसह नेमके प्रश्न द्यावेत: तिसऱ्या कडव्यात संबळाचे लहान भांडे टोचते का, पहिल्या ओळीनंतरचा रिव्हर्ब (घुमारा) अंगणासारखा वाटतो की सभागृहासारखा, तुणतुणे मध्यभागी असावे की थोडे बाजूला. परंपरेतल्या कलाकाराला तांत्रिक शब्द न वापरता, गाताना जे ऐकू येते ते यात आहे का आणि काय कमी पडते, एवढेच विचारावे. तिसरा ऐकणारा नात्यातला किंवा ओळखीचा असावा, पण त्याला काहीच विचारू नये. त्याने पद कुठे थांबवले, कुठे आवाज वाढवला आणि कुठे मध्येच बोलायला सुरुवात केली, एवढे पाहावे. सात-आठ दिवसांची मुदत सांगावी आणि पाचांपेक्षा जास्त प्रश्न कुणालाही पाठवू नयेत.

उत्तरे येऊ लागली की समर्थन करू नये. ‘धन्यवाद, नोंद केली’ एवढेच कळवावे. एका वहीत वेळ, तक्रार, सुचवलेला उपाय आणि कोणी सांगितले, अशा चार रकान्यांत सगळे मांडावे. एकाच जागेवर दोघांनी बोट ठेवले तर तिथे काहीतरी बिघडले आहे हे धरून चालावे, मात्र त्यांनी सांगितलेला उपाय बरोबरच असेल असे नाही. ‘आवाज कमी पडतो’ अशी तक्रार असलेल्या जागी अनेकदा झीलकरी जास्त झालेले असतात. कागदावर आधी लिहिलेल्या वाक्यांशी विसंगत सूचना बाजूला ठेवाव्यात, पण खोडू नयेत. काम सुरू करण्यापूर्वी सेशनची, म्हणजे मिक्सच्या मूळ कामाच्या फाइलची प्रत नव्या नावाने जतन करावी आणि एका वेळी एकच बदल करून ऐकावे.

बदललेले मिक्स आणि जुने मिक्स एकाच पातळीवर आणून, कोणते कोणते हे न सांगता त्याच ध्वनितंत्रज्ञाला पुन्हा पाठवावे. नाईकांकडे मात्र स्वतः जावे आणि पूर्वीसारखेच त्यांच्या मोबाइलवर ऐकवावे. जवळ वही ठेवावी, आपला मोबाइल बंद करावा आणि पद संपून ते बोलेपर्यंत काहीही विचारू नये.