केमोचे २१ दिवस आणि दारामागचं कॅलेंडर

कॅन्सरच्या केमोत मला आधी चार एसी आणि नंतर दर आठवड्याला एक असे बारा पॅक्लिटॅक्सेल (हे केमोचं आणखी एक औषध) लागले. भुसावळच्या उन्हाळ्यात "माझे दोन एसी झाले, दोन बाकी आहेत" म्हटलं तर शेजारणीला वाटलं आमच्याकडे पैसा आला, म्हणून आधीच सांगते, एसी म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही दोन औषधं. त्यातलं पहिलं लालभडक असतं आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, मी पहिल्यांदा बाथरूममध्येच रडायला बसले होते, ते रक्त नसतं. दोन दिवसांनंतरही लाल दिसली किंवा जळजळ झाली तर मात्र फोन करा.

आता काम सांगते. स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर घ्या, केमोचा दिवस म्हणजे १, तिथून २१ पर्यंत आकडे टाका (एसीचा पुढचा डोस २१ दिवसांनी असतो) आणि रोज एकदोन शब्द लिहा, "उलटी", "शौचाला नाही", "आज भाकरी गेली". दोन डोस झाले की आपलं गणित आपल्याला दिसायला लागतं, कोणते दिवस वाईट आणि कोणत्या दिवशी पोरांच्या शाळेत जाता येईल. आणि डॉक्टरांनी "काही त्रास?" विचारलं की आपण बायका "नाही, बरंय" म्हणून उठतो ना, तसं करू नका, कॅलेंडरचा फोटो दाखवा.

उलटीच्या गोळ्या घड्याळ लावून घ्या, मळमळ सुरू व्हायची वाट बघू नका. पण त्यातल्या ऑन्डनसेट्रॉनने शौचाला घट्ट होतं, तेव्हा त्याचंही औषध पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. मला फोडणीचा वास सहन होत नव्हता, त्या दिवसांत घरात भरीत झालंच नाही. गार दहीभात, मुगाची खिचडी जायची. तोंड आलं की ठेचा बंद, पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाचदा गुळण्या, आणि पिकलेली केळी, आपल्याकडे त्यांना काय तोटा.

सगळ्यात महत्त्वाचं ७ ते १४ हे दिवस. रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तेव्हाच सगळ्यात खाली जातात. घरात थर्मामीटर पाहिजेच, आणि १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला निघायचं. आधी क्रोसिन घेऊ नका, ताप दबतो आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं. मला दहाव्या दिवशी १०१ होता, घरचे म्हणाले सकाळी बघू, जवळच्या एका डॉक्टरांनीही फोनवर गोळी सांगितली, सकाळपर्यंत थंडी वाजून दात वाजायला लागले आणि पाच दिवस अ‍ॅडमिट. ७ ते १४ च्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, राग आला तर येऊ द्या. आमच्या आत्याबाई मात्र खिडकीबाहेर उभ्या राहून अहिराणीत विचारायच्या, "कशी शे व माय, आते कसं वाटस?", तेवढं बस होतं.

केस दोन-तीन आठवड्यांत जातात, आधीच बारीक करून घेतले तर उशीवरचे पुंजके बघावे लागत नाहीत. विगचे पैसे मी वाचवले, उन्हाळ्यात जळगावला स्कूटीवरची प्रत्येक बाई डोळे सोडून सगळं स्कार्फने गुंडाळून फिरते, कोणाला काय कळतंय.

थकव्याला झोपून राहणं हा उपाय नाही, संध्याकाळी ऊन उतरल्यावर दहा मिनिटं का होईना चाला. आणि उपचाराला मुंबईला जात असाल तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या.

पॅक्लिटॅक्सेलमध्ये उलटी कमी, पण बोटांना मुंग्या येतात. ब्लाउजचे हूक लागेनात तेव्हाच डॉक्टरांना सांगायला हवं होतं, ते डोस कमी करू शकतात, मी तीन आठवडे गप्प बसले. मग एकदा तव्यावरची भाकरी सवयीने बोटांनी उलटली, चटका लागलाच नाही, फोड आल्यावर कळलं. अजून उलथणंच वापरते.